केस देऊन शिकवणं: बेळगावकडच्या कॉलेजांत कुणी करतंय का?

तिसरे_गेट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी बेळगावजवळच्या एका कॉलेजात फिजिऑलॉजी शिकवते. एमबीबीएसचं पहिलं वर्ष, आणि आठवड्यातून दोन दिवस नर्सिंगच्या मुली. २०१९ च्या बॅचपासून सीबीएमई (क्षमतांवर आधारलेला नवा अभ्यासक्रम) आलं, आणि निव्वळ लेक्चरला एकूण तासांच्या एक तृतीयांशाहून जास्त वेळ द्यायचा नाही असं ठरलं. उरलेल्या दोन तृतीयांशाचं काय करायचं यावर जो तो आपापली पळवाट काढतो. आमच्याकडची पळवाट सोपी होती. लेक्चर तेच ठेवायचं, टाइमटेबलात त्याचं नाव 'इंटरॅक्टिव्ह सेशन' करायचं.

मला याची लाज वाटायला लागली म्हणून केस देऊन शिकवायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी तोंडावर आपटले. परदेशी पुस्तकातली केस उचलली होती: ५५ वर्षांचे गृहस्थ, दारातला बर्फ फावड्याने उपसताना छातीत कळ आली. गोकाकचा एक पोरगा म्हणाला, "मॅडम, ह्यांच्या घरी गडी नाही काय?" वर्ग हसला. चार मिनिटांत कुणीतरी अख्खा परिच्छेद मोबाइलमध्ये टाकून उत्तर काढलं, आणि उरलेली पस्तीस मिनिटं मी परत फळ्यावर हृदयच काढत बसले.

मग कम्युनिटी मेडिसिनमधल्या एका मैत्रिणीने निपाणीकडच्या एका बाईची हकीकत सांगितली. तिचं वय, गाव, घरचं सगळं बदललं आणि चार चिठ्ठ्या केल्या. पाचपाच जणांचे गट, मोबाइल टेबलावर उलटे. निदान बोलायचं नाही, फक्त प्रश्न विचारायचे, एवढाच नियम.

पहिली चिठ्ठी: "वय ३४. नोव्हेंबर, सकाळचे साडेअकरा. दोनदा उलटी, चक्कर, डोकं ठणकतंय, हातपाय गार, कपाळावर घाम. ताप नाही. बाई म्हणते, पित्त झालंय, गोळी द्या."

फळा पाच मिनिटांत भरला. पाळी कधी आली होती? काल काय खाल्लं? साखरेची गोळी चालू आहे का? एकाने विचारलं, शेतात फवारणी झाली होती का. त्याच्याकडे बघून मी मनात म्हटलं, हा वाटेवर आहे, पण वाट चुकीची.

दुसऱ्या चिठ्ठीत तपासणी. गरोदर नाही. साखर बरोबर. नाडी जरा जलद. तोंडाला पाणी सुटतंय. पण बाहुल्या नेहमीसारख्या, डोळ्यांतून पाणी नाही, छातीत घरघर नाही. फवारणीवाला गट तोंडाला पाणी सुटल्यावर उड्या मारायला लागला होता, तो बाहुल्यांपाशी अडला. ऑर्गनोफॉस्फेट (फवारणीचं कीटकनाशक) असतं तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या व्हायला हव्या होत्या, हे त्यांचं त्यांनाच आठवलं. मी गप्प. (गप्प राहणं हे या पद्धतीतलं सगळ्यात अवघड काम आहे. जीभ दाताखाली धरून बसावं लागतं.)

तिसरी चिठ्ठी मी कुणालाच आपण होऊन देणार नव्हते. एक विशिष्ट गोष्ट विचारली तरच द्यायची होती. एमबीबीएसच्या एकाही गटाने ती विचारली नाही. दुसऱ्या दिवशी हीच केस नर्सिंगच्या वर्गात नेली, तर तिथली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हिला सलाइन लावायचं झालं तर आधी हात पुसायला लागेल ना. हात कसा आहे तिचा?"

मी चिठ्ठी दिली. "तळहात आणि बोटं काळपट, चिकट. साबणाने निघत नाही. पदर आणि बाह्या ओल्या. पहाटे साडेसहापासून तंबाखूच्या शेतात शेंडे खुडत होती, दव पडलेलं होतं. शेजारची बाई बरोबरच होती, ती वीस वर्षं मिश्री लावते. तिला काही झालं नाही."

त्यानंतर मला शिकवावं लागलंच नाही म्हटलं तरी चालेल. निकोटिन पाण्यात विरघळतं, दवातून आणि घामातून कातडीच्या आत जातं. आपोआप चालणाऱ्या (ऑटोनॉमिक) मज्जासंस्थेच्या फांद्या दोन, सिंपथेटिक आणि पॅरासिंपथेटिक; दोन्हींच्या गँग्लियात (मज्जातंतूंच्या गाठींत) निकोटिनचाच रिसेप्टर, म्हणून एका बाजूने गार हात आणि घाम, दुसऱ्या बाजूने तोंडाला पाणी, आणि उलटीचं केंद्र पेटतं ते वेगळंच. मिश्रीवालीला रोजच्या तंबाखूची सवय झालेली, म्हणून ती ठणठणीत. ऑटोनॉमिकचा हा धडा मी दरवर्षी दोन तास तक्ता काढून शिकवायचे आणि परीक्षेत पोरं तो उलटा लिहायची. या वेळी कुणी उलटा लिहिला नाही.

चौथ्या चिठ्ठीत उपाय: कपडे बदलणं, साबणाने हात धुणं, पाणी, उलटीचं औषध, आराम. एकदोन दिवसांत उतरतं. खाली एक प्रश्न: ही बाई परवा परत कामावर जाणार आहे, तिला काय सांगाल?

आता माझ्या अडचणी. वर्ग दीडशेचा आहे, हे पाचपाचचे गट मी कुठवर सांभाळू? केस कुठल्या भाषेत लिहायची? आणि युनिव्हर्सिटीच्या पेपरात याचा उपयोग काय, असं पोरांनी विचारलं तर काय सांगू? तुमच्यापैकी कुणी हे करत असेल तर लिहा.

निपाणीची_लेक

ताई, वाचताना अंगावर काटा आला. माझी आई तंबाखूत आणि नंतर वखारीत राबली. मी आता स्टाफ नर्स आहे, पुण्यात.

एक सांगू का? तुमची पहिली चिठ्ठी चुकलीय. आमच्याकडची बाई "चक्कर येते" असं डॉक्टरला सांगेल, घरात नाही. घरात ती म्हणते, "तंबाखू लागली." आई सकाळी शेतातून यायची, भिंतीला टेकायची आणि म्हणायची, "तंबाखू लागलीया, वाईच पडते." ताक पिऊन झोपायची, संध्याकाळी भाकरी थापायला उठायची. निदान तिला माहीत होतं की! पण दवाखान्यात गेली की "पित्त झालंय" म्हणायची, कारण तंबाखू लागली म्हटलं तर डॉक्टर विचारायचे, "खातेस कशाला मग?" तिने आयुष्यात तंबाखू तोंडात घातली नाही.

तिसरे_गेट

@निपाणीची_लेक, मी हे वाचून पाच मिनिटं नुसती बसून राहिले. ग्रीन टोबॅको सिकनेस हा शब्द मी पोरांना फळ्यावर लिहून दिला, फ्लोरिडातल्या मजुरांवरून १९७० साली पहिल्यांदा तशी नोंद झाली हेही सांगितलं. आणि निपाणीत त्याला नाव आधीपासून होतं!

चिठ्ठी बदलते. "शेजारीण बाहेर कुजबुजते, तंबाखू लागली असंल" एवढं वाक्य दुसऱ्या चिठ्ठीत घालते. ते ज्याला ऐकू येईल त्याला येईल. तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

जुना_मास्तर

पस्तीस वर्षे मेडिसिन शिकवून निवृत्त झालो. धागा आवडला, पण थोडे थंड पाणी ओततो.

यात नवे काय आहे? हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये लँगडेल साहेबाने १८७० साली खटले देऊन कायदा शिकवायला सुरुवात केली. एडिंबरोत १९१२ साली पॅथॉलॉजीत हेच केले गेले. आम्हीही खाटेपाशी उभे राहूनच शिकलो. तीसुद्धा केसच होती, आणि ती खोकत होती, रडत होती, तिच्या अंगाला वास येत होता. कागदाची चिठ्ठी खोकत नाही.

दुसरे म्हणजे पुरावा. २०१२ साली या पद्धतीचा एक मोठा आढावा निघाला, शंभराहून जास्त निबंध तपासून. निष्कर्ष काय? विद्यार्थ्यांना आवडते, शिक्षकांनाही आवडते. पण दुसऱ्या पद्धतींपेक्षा शिकणे जास्त होते का, यावर ठाम काही सांगता येत नाही. आवडणे म्हणजे शिकणे नव्हे. मिठाई म्हणून मलाही कुंदा आवडतो.

तिसरे, पाया कच्चा असताना केस देणे म्हणजे मुळाक्षरे येत नसताना कादंबरी हातात देणे. तुमच्या पोरांना गँग्लिया आधी ठाऊक होते म्हणून ती बाई त्यांना सापडली.

लास्ट_बेंच

मी थर्ड इयर. कॉलेजचं नाव सांगणार नाही, उगीच इंटर्नलला वांधे व्हायचे.

मॅडमची केस भारी आहे, पण आमच्यात काय चालतंय ते सांगतो. बारा जणांचा गट. केसचं पीडीएफ आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर येतंय. सिनियरची सोडवलेली फाइल त्याच्या आधीच आलेली असतीय, कारण केस तीच, बॅच बदलत्येय. एकजण पीपीटी करतो, एकजण वाचतो, दहाजण मान हलवतात. सर शेवटची वीस मिनिटं स्वतःच सगळं सांगून टाकतात. मग रिफ्लेक्शन, म्हणजे 'आज मी काय शिकलो', ते लिहायचं. रिफ्लेक्शन पण फाइलमध्ये रेडीमेड मिळतंय!

आणि परीक्षेला "राइट शॉर्ट नोट्स ऑन". मग आम्ही काय करावं? शॉर्ट नोट्सच पाठ करतो.

घटप्रभा_काठ

+१ लास्ट बेंच. रिफ्लेक्शनची फाइल मला पण पाठव रे. (गंमत केली. डेंटल, सेकंड इयर.)

तिसरे_गेट

@जुना_मास्तर सर, तुमच्या तिसऱ्या मुद्द्याला मान्यता. मुद्दाम सांगायचं राहिलं: केसच्या आधी दोन दिवस मी त्यांना चार पानं वाचायला देते आणि तासाच्या सुरुवातीला पाच प्रश्नांची छोटी चाचणी घेते. प्रॉब्लेम-बेस्ड लर्निंगमध्ये समस्या आधी येते आणि काय वाचायचं ते पोरांनीच शोधायचं असतं. कॅनडात मॅकमास्टरला १९६९ साली ते सुरू झालं. आमच्याकडे ते झेपणार नाही. केसमध्ये आधी वाचून यायचं, दिशा ठरलेली, आणि पोरं फारच आडरानात शिरली तर शिक्षकाने हळूच बांधावर आणायचं. कॅलिफोर्नियातल्या दोन मेडिकल कॉलेजांनी प्रॉब्लेम-बेस्ड सोडून केसची पद्धत घेतली, त्यावर २००७ साली निबंध आला होता. भरकटणं कमी झालं म्हणून पोरांना आणि मास्तरांना, दोघांनाही केसच बरी वाटली. तुम्ही म्हणाल, परत 'आवडलं' हाच पुरावा. खरंय.

चिठ्ठी खोकत नाही हेही खरं. पण सर, पहिल्या वर्षाच्या दीडशे पोरांना तुम्ही एका खाटेभोवती उभं कराल? मागच्या शंभरांना पेशंटचे पाय तरी दिसतील का?

@लास्ट_बेंच, तुझं वाचून वाईट वाटलं, पण आश्चर्य नाही. पीडीएफ आदल्या रात्री देणं म्हणजे रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाटणं. माझ्या चिठ्ठ्या म्हणूनच कागदाच्या, आणि तास संपला की परत गोळा. आणि शेवटी वीस मिनिटं सगळं सांगून टाकणारे सर म्हणजे दोन वर्षांपूर्वीची मीच.

खानापूर_घाट

पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) डॉक्टर आहे. रात्रपाळी, रेंज येते-जाते, तुकड्यातुकड्यांनी लिहितो.

मास्तरांना माझं उत्तर वेगळं आहे. मला कॉलेजात डेंग्यू शिकवला, मलेरिया शिकवला, लेप्टो शिकवला. सगळे वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या तासाला. पेशंट मात्र एकच 'ताप' घेऊन येतो. तो कुठल्या चॅप्टरमधला आहे हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं नसतं.

ताई, तुमच्यासाठी एक केस देतो, खानापूर तालुक्यातली वाटेल अशी. मार्च महिना. माणूस ४० चा, आठ दिवस ताप, डोकं फुटतंय, कंबर आणि पिंढऱ्या धरल्यात, डोळे लाल. प्लेटलेट कमी. डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह. पोरं इथे लेप्टोवर जातील, जाऊ द्या. विचारायचा प्रश्न एकच: गेले दोन महिने कुठे होता? उत्तर: काजूच्या हंगामाला घाट उतरून खाली गेला होता. गोव्यात सत्तरी, नाहीतर तिकडे महाराष्ट्रात दोडामार्ग. आणि मग पुढचा प्रश्न, जो कुणी विचारत नाही: तिथे रानात माकडं मेलेली दिसली का?

माकडताप. आपल्या कर्नाटकातच, शिमोग्याच्या क्यासनूर रानात १९५७ साली सापडला, म्हणून इंग्रजीत त्याचं नाव क्यासनूरवरून. कन्नडमध्ये मंगन कायिले. गोचिडीतून येतो. सत्तरीत २०१५ पासून, दोडामार्गला २०१६ ला साथ. म्हणजे सरहद्दीच्या तिन्ही बाजूंना. गोचिडीला कुठल्या राज्याची हद्द माहीत नसते, पण आपल्या रिपोर्टिंग फॉर्मवर पत्ता मात्र एकाच जिल्ह्याचा लिहायला जागा असते. माणूस इथला, चावली तिथे, तपासणीचा नमुना तिसरीकडे. ही केस दिलीत तर पोरांना तापाच्या यादीपेक्षा एक गोष्ट जास्त कळेल: हिस्टरीत 'कामाला कुठं जातोस' हा प्रश्न नाव-गावाइतकाच वर विचारायचा.

सीमावासी

सरहद्दीचा विषय काढलातच तर बोलतो. आमच्या पोरांना पेशंटशी मराठीत बोलायची चोरी, सगळे फॉर्म कन्नडमध्ये, बोर्ड कन्नडमध्ये, आणि तुम्ही इथे चिठ्ठ्या वाटत बसलाय. आधी बेळगाव म्हणा, बेळगावी लिहिणाऱ्यांना

संपादक_मंडळ

या प्रतिसादाचा उरलेला भाग काढला आहे. सीमाप्रश्नासाठी स्वतंत्र धागे आहेत, तिथे अवश्य लिहा. इथे शिकवण्याविषयी.

खानापूर_घाट

अवांतर होईल, पण सीमावासींनी भाषेचं काढलं ते अगदीच वाऱ्यावर सोडू नका. माझ्या ओपीडीत सकाळी मराठी, दुपारी कन्नड, आणि धनगरवाड्यावरून कुणी आलं तर तिसरंच काहीतरी. कन्नड शिकलो नसतो तर मी अर्धा डॉक्टर राहिलो असतो. आणि नुसतं मराठी येणाऱ्या म्हातारीला कन्नडमध्येच बोल म्हणणारा डॉक्टरही अर्धाच.

तिसरे_गेट

बरोबर मुद्दा. माझ्या एका गटात कोल्हापूरचा एक, गोकाकचा एक, बागलकोटची एक, केरळची एक आणि शहापूरची एक असे पाचजण होते. केस इंग्रजीत लिहिली, पण पेशंटचं वाक्य पेशंटच्याच भाषेत, कुठे मराठीत तर कुठे कन्नडमध्ये. एका केसमधली बाई म्हणते, "तली तिरगाकत्तैत्री, संकट आगाकत्तैत्री." कोल्हापूरच्या पोराने 'संकट' ऐकून सरळ लिहिलं, घरगुती अडचण आहे, समुपदेशन द्या. गोकाकच्याने कपाळावर हात मारला. अरे, तिचा जीव कासावीस होतोय, मळमळतंय! दोघांची त्या दिवसापासून दोस्ती. केरळची मुलगी त्या दोघांच्या मध्ये बसते आणि दोघांकडून शब्द उतरवून घेते. तिच्या वहीत आता तीन रकाने आहेत.

फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेचे तास असतात, त्यात 'माझे नाव अमुक आहे' शिकवतात. 'संकट' शिकवत नाहीत.

फिजिओ_पोरगी

आमच्या बीपीटीला (फिजिओथेरपीच्या डिग्रीला) गट बारापंधराचाच, त्यामुळे संख्येचा त्रास नाही. मी वडगावच्या मागवाल्यांवरून केस केली होती. पॉवरलूमवर उभं राहून बारा तास, एकाच बाजूला वाकून धागा जोडायचा. पोरांनी मस्त व्यायाम लिहून दिले, चाळीस मिनिटांचे. मग मी पेशंट बनून विचारलं, "मॅडम, तेवढ्या वेळात माग बंद ठेवू काय? पैसे तुम्ही देणार?" सगळे गप्प. शेवटी एकीने माग चालू असताना करता येतील असे तीन व्यायाम बसवले. माझ्या सगळ्या तासांत तो एक तास खरा झाला असं वाटतं.

ताई, तुमच्या चौथ्या चिठ्ठीचं काय झालं? ती बाई परवा कामावर जाणार होती ना?

तिसरे_गेट

@फिजिओ_पोरगी, विचारलंस ते बरं केलंस.

एमबीबीएसच्या गटांनी लिहिलं: रबरी हातमोजे घाला, प्लॅस्टिकचा कोट घाला, दव वाळल्यावर कामाला जा. तिन्ही बरोबर, पुस्तकात आहेत तसेच. नर्सिंगच्या वर्गात दोन मुली निपाणी-चिकोडीकडच्या होत्या. त्या म्हणाल्या, दव वाळेपर्यंत थांबली तर मुकादम दुसरीला लावतो. मोज्यात शेंडा नखाने खुडता येत नाही. मग त्यांनी काय सुचवलं? खताच्या पिशवीचा प्लॅस्टिकचा आतला कागद कमरेला आणि दंडाला बांधायचा, कोरडा पोलका बरोबर न्यायचा, न्याहारीच्या सुट्टीत बदलायचा आणि तेव्हाच हात धुवायचे. कशाने? एक म्हणाली, कच्च्या टोमॅटोने चिकटा निघतो, आमच्यात तेच करतात. यावर मी अर्धा तास विचार केला आणि मग चक्क गप्प बसले. मला हे माहीत नव्हतं.

निपाणीची_लेक

टोमॅटो खरंय. नाहीतर राख. पण ताई, खताच्या पिशवीचा कागद नको, त्याला खताची भुकटी असते, अंगाला खाज सुटते. साखरेच्या पोत्यातला आतला कागद मिळतो, तो सांगा. कारखाने काय कमी आहेत का आपल्याकडे.

तिसरे_गेट

लिहून घेतलं.

जुना_मास्तर

दोन दिवस धागा वाचतोय. माझे थंड पाणी थोडे कोमट झाले असे समजा, पण एका गोष्टीवर कुणीच बोलले नाही म्हणून लिहितो.

केस लिहिताना पेशंट ओळखू येता कामा नये. शहरात वय आणि गाव बदलले की झाले. खेड्यात तेवढ्याने भागत नाही. "विधवा, दोन मुली, भावाच्या घरी राहते" एवढे लिहिले तरी चिकोडीकडची पोरगी वर्गात म्हणेल, ही तर आमच्या गल्लीतली. आम्ही एकदा विषबाधेच्या केसमध्ये हा घोळ घातला होता. मुलगा त्याच गावचा निघाला, आणि ती बाई त्याची चुलती. त्याने तासाला काहीच म्हटले नाही, तास संपल्यावर येऊन सांगितले. ती केस मी पुन्हा कधी काढली नाही.

म्हणून एक करा. दोनतीन पेशंटांची मिळून एक केस करा. एकाची लक्षणे, दुसरीचे घर, तिसऱ्याचा धंदा. खोटी होत नाही, उलट जास्त खरी होते.

तिसरे_गेट

सर, हे अगदी मोलाचं. माझी निपाणीची बाई अजून एकाच बाईवर बेतलेली आहे. बदलते.

दीडशेचं काय करायचं ते अजून कुणी सांगितलं नाही हो! सध्या मी असं करते: लेक्चर हॉलमध्येच प्रत्येक ओळीत पाचजणांचा गट, समोरचे तोंड मागे वळवून बसतात. प्रश्न कागदावर लिहून पुढे पाठवायचा, मी त्यातले निवडून फळ्यावर घेते. गोंगाट होतो. शेजारच्या वर्गातले सर दोनदा दार वाजवून गेले. बरोबरच्या दोन ट्यूटरांना फिरायला सांगितलंय, पण त्यांना उत्तर ओठावर ठेवता येत नाही, पटकन सांगून मोकळे होतात. त्यांना मी लवंग चघळायला देते. हसू नका, उपयोग होतो.

पेपरचंही तसंच. युनिव्हर्सिटीचा पेपर माझ्या हातात नाही, इंटर्नल आहे. त्यात दहा मार्कांचा एक प्रश्न मी चिठ्ठीच्या रूपात घालते: "ही माहिती आहे. पुढे कुठले तीन प्रश्न विचाराल, आणि का?" उत्तर विचारतच नाही. सिनियरच्या फाइलमध्ये हे मिळत नाही.

लास्ट_बेंच

हे आमच्या सरांना कुणीतरी सांगा की. मी सांगितलं तर मला लवंग देतील.

घटप्रभा_काठ

वाखुसा (वाचनखूण साठवली).

जुना_मास्तर

निवृत्त माणसाला वेळ भरपूर. काल रात्री बसून एक चिठ्ठी लिहिली, आयुष्यातली पहिली. तीन पेशंट मिसळले आहेत. इथेच टाकतो, बघू कोण काय विचारतो. मोबाइल उलटा ठेवा.

"आषाढ. येळ्ळूरकडची वस्ती, दोन दिवस पाऊस. मुलगा ११ वर्षांचा. पहाटे चारला पोटात दुखतंय म्हणून उठला, एकदा उलटी. आईने ओवा दिला. सहा वाजता घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं म्हणाला. सात वाजता रिक्षातून आणला. ताप नाही. पोट मऊ."

घटप्रभा_काठ

जंत? अपेंडिक्स? रात्री काय खाल्लं होतं?

जुना_मास्तर

निदान नको, प्रश्न विचार. रात्री भात-आमटी, घरात सगळ्यांनी तेच खाल्लं, सगळे ठणठणीत.

फिजिओ_पोरगी

लघवी झाली का? कुठे मार लागला होता का? आवाज बदललाय का?

जुना_मास्तर

लघवी झाली. मार नाही. आवाज नाकातून येतोय. चांगला प्रश्न.

लास्ट_बेंच

सर, पोरगा डोळे पुरते उघडतोय काय? का पापण्या खाली आल्यात? आणि रात्री कॉटवर झोपला होता की खाली, जमिनीवर?

खानापूर_घाट

मी गप्प बसतो. लवंग चघळतोय.

जुना_मास्तर

आईला वाटले झोप पुरी झाली नाही, म्हणून डोळे मिटतोय. खाली, चटईवर झोपला होता. अंगावर कुठे खूण दिसत नाही, सूज नाही, वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी केली तर रक्त नीट गोठलं.

आता लास्ट बेंच, तुझ्या पीएचसीत व्हेंटिलेटर नाही. सापाच्या लशीच्या दहा कुप्या आहेत आणि एक अम्बू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी). बेळगाव अर्ध्या तासावर. रिक्षावाला बाहेर थांबलाय. तू आधी काय करतोस, ते क्रमाने लिही. दुसरी चिठ्ठी उद्या सकाळी.